ओपन सोर्समागच्या ना-नफा संस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिब्रेऑफिस हा पत्रं लिहायचा, तक्ते करायचा फुकट संच शिकवायला शाळा-कॉलेजांत गेलो की प्रोग्रामबद्दलचे प्रश्न लवकर संपतात. मग कुणीतरी विचारतं, "सर, हे फुकट देतात तर यांचं घर कसं चालतं?" तिथून पुढे जे जे विचारलं गेलं, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं सॉफ्टवेअर, लोक आपापल्या घरी बसून लिहितात. त्याला संस्था कशाला लागते?

लिहायला लागत नाही. लॅपटॉप, इंटरनेट आणि रात्रीचे दोन तास मिळाले की काम सुरू होतं. गाठ पडते ती नंतर.

आमचाच अनुभव सांगतो. मराठी शुद्धलेखन तपासणीसाठी शब्दयादी करणारे आम्ही आठ-नऊ जण होतो. डोमेन एका मित्राच्या नावावर घेतलं, कारण त्या रात्री क्रेडिट कार्ड त्याच्याच खिशात होतं. वर्गणी दुसऱ्या एकाच्या बचत खात्यात जमा होत होती. पुढे पहिला मित्र नोकरीसाठी परदेशी गेला, त्याचा जुना ईमेल बंद पडला आणि डोमेनची मुदत संपत आल्याच्या सूचना त्या बंद पेटीत पडत राहिल्या. एके सकाळी आमच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात झळकत होती. शब्दयादीची प्रत प्रत्येकाकडे होती, त्यामुळे काम वाचलं. पण तो पत्ता आम्ही कितीतरी शिक्षकांना वहीत लिहून दिला होता. तिकडे, खात्यातले साडेअकरा हजार रुपये आयकर विवरणात कसे दाखवायचे, या विचाराने दुसरा मित्र हैराण झाला होता. कुणीही लबाडी केली नव्हती. जे सगळ्यांचं होतं, ते कागदोपत्री एकेकाचं होतं, एवढंच.

डेबियनवाल्यांना हे आमच्या खूप आधी कळलं होतं. डेबियन ही लिनक्सवर उभी असलेली संगणकप्रणाली १९९३ साली सुरू झाली, पण कायद्याच्या नजरेत त्या प्रकल्पाला अस्तित्वच नव्हतं. त्याच्या नावाने खातं उघडता येत नव्हतं, की ट्रेडमार्क नोंदवता येत नव्हता. म्हणून १९९७ साली 'सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट' ही ना-नफा संस्था नोंदवली गेली. डेबियनचं नाव आणि देणग्या ती सांभाळते. डेबियनमध्ये कोणतं पॅकेज असावं, यात मात्र ती पडत नाही.

म्हणजे फाउंडेशनचं, अशा ना-नफा संस्थेचं, खरं काम काय?

नाव, ट्रेडमार्क आणि डोमेन स्वतःकडे ठेवणं. देणग्या घेऊन त्यांचा हिशेब जाहीर करणं. सर्व्हरची बिलं भरणं, वकील नेमणं, संमेलनासाठी सभागृह घेणं. आणि एक माणूस दमला, निघून गेला किंवा वारला तर पुढे कुणाला विचारायचं, याची सोय करून ठेवणं. ऐकायला हे कारकुनी वाटतं. पण प्रकल्पांच्या जिवावर बेततं ते अशाच कारकुनी गोष्टींवरून, असं माझं ठाम मत आहे.

प्रोग्रामरांना पगार फाउंडेशन देतं का?

बहुतेक ठिकाणी नाही. अपाचे वेब सर्व्हर आणि इतर अनेक प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनचा तर नियमच आहे की कोड लिहिण्यासाठी संस्था पैसे देणार नाही. तिचा पैसा सर्व्हर, कायदेशीर बाबी आणि प्रसिद्धी अशा कामांवर जातो. तिथे कोड लिहिणाऱ्या अनेकांचा पगार त्यांच्या त्यांच्या कंपन्या देतात, बाकीचे हौसेने लिहितात.

वेगळं करणाऱ्याही संस्था आहेत. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचा पगार लिनक्स फाउंडेशन देतं, तो त्यांनी कुठल्या एका कंपनीचे नोकर न होता काम करावं म्हणून. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा सांभाळणाऱ्या पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने २०२१ पासून पूर्णवेळ 'डेव्हलपर इन रेसिडेन्स' नेमायला सुरुवात केली, कारण साचून राहिलेले पॅच, म्हणजे लोकांनी सुचवलेले कोडमधले बदल, तपासायला स्वयंसेवकांना वेळ पुरत नव्हता. नवीन काही लिहायला हौशी माणूस मिळतो. दुसऱ्याचा कोड वाचून त्यातली चूक शोधायला मिळत नाही.

कंपनीने एखादं ओपन सोर्स सॉफ्टवेअर सोडलं किंवा कंपनीच विकली गेली, तर काय होतं?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण लिब्रेऑफिसचा जन्मच त्यातून झाला.

स्टारऑफिस हे जर्मन कंपनीचं सॉफ्टवेअर सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये विकत घेतलं आणि २००० साली त्याचा कोड खुला केला. तेच ओपनऑफिस. दहा वर्षं जगभरचे लोक त्यावर काम करत राहिले, भाषांतरं झाली, व्याकरण तपासण्या आल्या. पण नाव, सर्व्हर आणि ट्रेडमार्क सनकडेच होते. स्वतंत्र फाउंडेशन काढण्याची गोष्ट सुरुवातीपासून बोलली जात होती, ती बोलण्यापुरतीच राहिली.

२०१० च्या जानेवारीत ओरॅकलने सन विकत घेतली. त्या वर्षी २८ सप्टेंबरला समुदायातल्या लोकांनी 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' जाहीर केलं आणि ओपनऑफिस हे नाव देऊन टाकावं, अशी ओरॅकलला विनंती केली. ते मिळेपर्यंत वापरायचं तात्पुरतं नाव म्हणून त्यांनी लिब्रेऑफिस हा शब्द घेतला. नाव मिळालं नाही. उलट, नव्या फाउंडेशनमध्ये जे गेले त्यांनी ओपनऑफिसच्या समुदाय परिषदेतून बाहेर पडावं, असं ओरॅकलच्या बाजूने सांगण्यात आलं. तात्पुरतं नाव कायमचं झालं.

आता पैशाची बाजू. त्यांना जर्मनीत 'श्टिफ्टुंग' प्रकारची संस्था नोंदवायची होती. या प्रकारात संस्थेचं उद्दिष्ट एकदा लिहिलं की संस्थापकांनाही ते सहजी बदलता येत नाही, आणि वर सरकारी देखरेख असते. त्यासाठी ५० हजार युरोंचं भांडवल हवं होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांनी आवाहन केलं आणि आठ दिवसांत रक्कम जमली, बरीचशी लहान लहान देणग्यांतून. १७ फेब्रुवारी २०१२ रोजी बर्लिनमध्ये संस्थेची नोंदणी झाली. त्याआधीच, जून २०११ मध्ये, ओरॅकलने ओपनऑफिस अपाचे फाउंडेशनच्या हवाली केलं होतं, पण तोवर काम करणारी बरीच मंडळी इकडे आली होती.

परवाना खुला होता म्हणून कोड सोबत नेता आला. नाव मात्र दहा वर्षांच्या कष्टानंतर मागे ठेवून यावं लागलं. आजही वर्गात निम्मी मुलं 'ओपनऑफिस' म्हणतात, आणि मला दरवेळी त्या नावाची किंमत जाणवते.

अशी पाळी येण्याआधीच बंदोबस्त करता येतो का?

येतो. केडीईच्या मंडळींनी तो केला. केडीई हा लिनक्सवरचा डेस्कटॉप 'क्यूटी' या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, उभा आहे आणि क्यूटी ट्रोलटेक या नॉर्वेच्या कंपनीची होती. १९९८ साली दोघांनी मिळून 'केडीई फ्री क्यूटी फाउंडेशन' स्थापन केलं. कराराचा गाभा असा, की कंपनीने क्यूटीची खुली आवृत्ती ठरलेल्या मुदतीत काढणं थांबवलं, तर फाउंडेशन तो कोड अगदी सैल परवान्याखाली सगळ्यांना देऊन टाकू शकेल. पुढे ट्रोलटेक नोकियाने घेतली, नोकियाकडून क्यूटी डिजियाकडे गेली, त्यातून वेगळी कंपनी निघाली. मालक बदलत गेले, करार पुढच्या प्रत्येकाच्या गळ्यात पडत गेला. ते टोकाचं कलम आजवर वापरावं लागलेलं नाही.

ब्लेंडर या त्रिमितीय चित्रं करायच्या सॉफ्टवेअरने तर उलटा रस्ता धरला. मूळ कंपनी २००२ मध्ये बुडाली, तेव्हा टॉन रूझेंडाल यांनी ब्लेंडर फाउंडेशन काढलं आणि गुंतवणूकदारांकडून कोड सोडवून घ्यायला १ लाख युरो लोकांकडे मागितले. सात आठवड्यांत ते जमले. गहाण पडलेलं शेत गावाने वर्गणी काढून सोडवावं, तसं ते झालं.

फाउंडेशनमध्ये निर्णय कसे होतात? अध्यक्ष सांगेल तसं?

अपाचेमधली नवी आवृत्ती कशी निघते, ते बघा. एक जण सगळा कोड एका फाइलीत बांधतो, त्यावर स्वतःची डिजिटल सही करतो आणि ईमेल यादीवर 'मतदान' असा विषय टाकून पत्र पाठवतो. साधारणपणे ७२ तास वाट पाहिली जाते. कुणी टोकियोत असतो, कुणी नाशिकला, प्रत्येकाची रात्र-सकाळ यात यावी म्हणून इतका वेळ. मत देणारा ती फाइल उतरवून घेतो, सही जुळते का ते बघतो, स्वतःच्या मशीनवर कोड बांधून चालवतो, परवान्याची फाइल जागेवर आहे ना हे उघडून पाहतो. मग उत्तर लिहितो: +१. प्रकल्प समितीच्या किमान तीन जणांचे +१ हवेत आणि विरोधापेक्षा बाजूची मतं जास्त हवीत. आवृत्ती काढण्यावर कुणा एकाला नकाराधिकार नसतो. पण कोडमधल्या एखाद्या बदलावर असतो, आणि तो वापरायचा तर तांत्रिक कारण द्यावं लागतं. 'मला पटत नाही' एवढं पुरत नाही.

या सोपस्काराला एक कायदेशीर अर्थही आहे. अशा मतदानातून निघालेली आवृत्ती हे संस्थेचं कृत्य मानलं जातं. उद्या कुणी दावा ठोकला, तर ज्याने फाइल बांधली त्या बिचाऱ्याच्या दारात नोटीस येऊ नये, संस्थेने ती झेलावी, अशी ही रचना आहे. १९९९ साली अपाचे गटाने संस्था नोंदवली, तेव्हाची एक मोठी गरज हीच होती.

आणखी एक बाब मला फार आवडते: अपाचेमध्ये कंपनी सदस्य होऊ शकत नाही, माणूसच होऊ शकतो. नोकरी बदलली तरी त्याचा मान त्याच्यासोबत जातो.

पण पैसा तर मोठ्या कंपन्याच देतात. मग सूत्रं त्यांच्याच हातात नाहीत का?

अमेरिकेत दोन प्रकारच्या ना-नफा संस्था आहेत आणि फाउंडेशन हा शब्द दोघींनाही लावतात, म्हणून घोटाळा होतो. अपाचे किंवा पायथन फाउंडेशन ५०१(सी)(३) प्रकारातल्या, म्हणजे आपल्याकडच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या: जनतेच्या हितासाठी, देणगीवर करसवलत. लिनक्स फाउंडेशन ५०१(सी)(६) प्रकारातलं, म्हणजे व्यापारी महासंघासारखं: सदस्य कंपन्या, त्यांची वर्गणी, त्यांचं समाईक हित. तिथे सगळ्यात वरच्या श्रेणीची वर्गणी वर्षाला ५ लाख डॉलर आहे आणि तिच्यासोबत संचालक मंडळात जागा मिळते. दोन्ही प्रकार कायदेशीर आहेत, दोन्हींनी मोठी कामं केली आहेत. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, काय जावं हे संचालक मंडळ ठरवत नाही, कोड सांभाळणारे मेंटेनर ठरवतात. तरीही देणगी देण्याआधी संस्था कोणत्या प्रकारची आहे ते मी तपासतो, आणि तुम्हीही तपासा.

पैसा नाकारल्याचंही उदाहरण आहे. पायथन फाउंडेशनला अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडून १५ लाख डॉलरचं अनुदान मिळायच्या बेतात होतं. पायथनची पॅकेजं जिथून उतरवली जातात त्या भांडाराची सुरक्षा त्यातून वाढवायची होती. अटींमध्ये असं होतं की संस्थेने विविधता आणि समावेशनाला चालना देणारा कोणताही उपक्रम चालवू नये, मग तो अनुदानाबाहेरच्या पैशातला का असेना, आणि अट मोडली तर दिलेला पैसाही परत घेतला जाऊ शकेल. संस्थेचा वर्षाचा खर्च साधारण ५० लाख डॉलर. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने अर्ज मागे घेतल्याचं जाहीर केलं. इतक्या लहान संस्थेने हे करावं, याचा मला अभिमान वाटतो.

फाउंडेशन असलं की सॉफ्टवेअर सुरक्षित, असं समजायचं का?

नाही. एप्रिल २०१४ मध्ये हार्टब्लीड ही चूक उघड झाली. इंटरनेटवरच्या असंख्य व्यवहारांची कुलपं ज्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरवर होती, त्यातली ही चूक. त्याच्या संस्थेला वर्षाकाठी जेमतेम २ हजार डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एक होता. संस्था होती, पण तिच्या पेटीत काही नव्हतं. त्यानंतर महिनाभराच्या आत लिनक्स फाउंडेशनने डझनभर मोठ्या कंपन्यांना एकत्र आणलं आणि प्रत्येकीने वर्षाला १ लाख डॉलर, तीन वर्षं, द्यायचं कबूल केलं.

डिसेंबर २०२१ मधली लॉगफोरजे या, प्रोग्रामच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतली चूक अपाचेच्या छत्राखालच्या प्रकल्पात निघाली. छत्र होतं म्हणून तक्रार कुठे करायची हे शोधणाऱ्यांना माहीत होतं आणि दुरुस्त आवृत्त्या झपाट्याने निघाल्या. पण ती दुरुस्त करणारे लोक दिवसभर दुसरी नोकरी करून रात्री जागत होते, हे संस्थेलाही बदलता आलेलं नव्हतं.

मार्च २०२४ मधला एक्सझेड या, फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रकार तर अंगावर काटा आणतो. एकटा, थकलेला मेंटेनर. मदत करतो म्हणत एक अनोळखी माणूस दोनेक वर्षं गोड बोलत, चांगले पॅच देत विश्वास कमावतो आणि मग चोरदरवाजा बसवतो. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या प्रोग्रामरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून तो पकडला गेला. त्या मेंटेनरच्या मागे कुणी उभं असतं, तर त्या अनोळखी माणसाला इतकी मोकळी वाट मिळाली नसती, असं मला वाटतं.

आमचा प्रकल्प छोटा आहे. वेगळी संस्था नोंदवावी का?

कृपा करून लगेच नोंदवू नका. ऑडिट, वार्षिक विवरणपत्रं, सभांची इतिवृत्तं यांत तीन जणांचा प्रकल्प गुदमरतो. आधीपासून असलेल्या संस्थेच्या पंखाखाली जा. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी २००६ पासून हेच करते. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट आणि चित्रं काढायचं इंकस्केप तिच्याकडेच आहेत. तुमच्या नावाने आलेल्या पैशातून ती १० टक्के घेते आणि हिशेब, करार, कायदा पाहते. डेबियनसाठी निघालेली वरची संस्था इतर प्रकल्पांनाही घेते, तिचा वाटा ५ टक्के आहे.

भारतात अशी सोय आहे का?

आता थोडी आहे. फॉस युनायटेड ही ना-नफा संस्था गावोगावच्या भेटींना आणि छोट्या प्रकल्पांना मदत करते. मुंबईतही तिच्या बैठका होतात. तिला हातभार लावणाऱ्यांत मुंबईची फ्रापे आहे, ईआरपीनेक्स्ट हे उद्योगांचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवणारी. झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला, तो जगभरच्या ओपन सोर्स प्रकल्पांसाठी आहे. एका भारतीय कंपनीने हे करावं याची आपल्याकडे जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही.

संस्था काढायचीच असेल तर महाराष्ट्रात धर्मादाय आयुक्तांकडे सार्वजनिक न्यास नोंदवता येतो, किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढता येते. आणि एक खबरदारी: परदेशी फाउंडेशनकडून संस्थेने पैसे घ्यायचे तर विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. 'परदेशातल्या देणगीदाराने दिले, मित्राच्या खात्यात घेतले' असं करू नका. आपल्याकडून बाहेर देणगी पाठवली तर तिच्यावर आयकराच्या कलम ८०जीची सवलत मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

यात मराठीचा काय संबंध?

थेट संबंध आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो ज्यांच्या सर्व्हरवर आज चालतो ते विकिमीडिया फाउंडेशन त्यानंतर सात आठवड्यांनी, २० जूनला स्थापन झालं. रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयात भारतीय भाषांवर बरीच वर्षं काम झालं, लोहित हा देवनागरी फाँट त्यांनीच खुला केला. मराठीची बाजारपेठ किती, असा हिशेब करणारी कंपनी उद्या हात आखडता घेऊ शकते. लिब्रेऑफिसच्या मराठी मेनूला तशी भीती कमी आहे, कारण भाषांतर करायला माणसं आहेत तोवर ती भाषा ठेवायची, अशी तिथली रीत आहे.

मला कोड येत नाही, आणि देणगी द्यायची ऐपतही नाही. मी काय करू?

चूक कळवा. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र पीडीएफ करताना तुटला, तर 'मराठी नीट दिसत नाही' असं लिहून सोडू नका. ज्या फाइलीत तुटला ती जोडा, फाँटचं नाव लिहा, आवृत्तीचा आकडा लिहा आणि कसं दिसायला हवं त्याचं चित्र द्या. बर्लिनच्या किंवा आणखी कुठल्या प्रोग्रामरला तो र कधी दिसलेलाच नसतो. तुम्ही दाखवल्याशिवाय तो दिसणारही नाही.

भाषांतर करा. लिब्रेऑफिसचं भाषांतर वेबलेट या साइटवर ब्राउझरमध्येच होतं. आम्ही एकदा 'सेव्ह'साठी 'जतन करा' घ्यावं की 'साठवा', यावर अख्खी संध्याकाळ घालवली होती. तेव्हा एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाई म्हणाल्या, "माझी चौथीची मुलं 'साठवा' पटकन वाचतात, 'जतन'ला अडखळतात." तिथे वाद मिटला. असं सांगणारा माणूस आम्हाला प्रोग्रामरपेक्षा दुर्मीळ आहे.

आणि काही महिने नेटाने काम केलंत, तर द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या सदस्यत्वासाठी अर्ज करा. ते पैशाने मिळत नाही, कामाने मिळतं, आणि भाषांतर हे तिथे काम म्हणूनच धरलं जातं. सदस्य झालात की संचालक मंडळाच्या निवडणुकीत तुमचं मत कोड लिहिणाऱ्याच्या मताइतकंच मोजलं जातं.